कर्ज तुम्हांला मिळेल, पण त्या घराला?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मी १९८९ साली थोरल्या बहिणीच्या मागोमाग ग्रीन कार्डावर न्यू जर्सीत आलो. १९९१ ते १९९५ अमेरिकी नौदलात होतो, जहाजाच्या इंजिनरूममध्ये. नंतर काही वर्षं इकडेतिकडे नोकऱ्या केल्या आणि शेवटी पोस्टात लागलो. पुढच्या मार्चअखेर निवृत्त होतोय.

एडिसनचं घर आम्ही १९९९ मध्ये व्हीएच्या, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याच्या हमीच्या, कर्जावरच घेतलं होतं, ते केव्हाच फिटलं. आता ते विकून फ्लोरिडातल्या ५५ वर्षांवरच्यांच्या वसाहतीत जायचा विचार आहे. अंदाज ३,२०,००० डॉलरपर्यंत. सौ.ला तिथल्याच टॅव्हारेस गावी, शांतिनिकेतन नावाच्या भारतीय निवृत्तांच्या वसाहतीत जायचंय: भजन आहे, शाकाहारी जेवण आहे, बोलायला आपली माणसं आहेत. मला स्वतंत्र घर हवंय, चार झाडं लावता येतील असं, गोल्फ कार्टनं हिंडता येईल अशा मोठ्या वसाहतीत. हिवाळ्यात चार महिने साताऱ्याला जाणं सोडणार नाही.

मित्र म्हणतो, व्हीएचं कर्ज आयुष्यात एकदाच मिळतं, त्यातून साठीपुढच्या माणसाला तीस वर्षांचं कर्ज कोण देतंय, आणि निवृत्तांच्या वसाहतीत ते चालतच नाही. मुलगा म्हणतो, बाबा, एक पैसा न भरता पूर्ण कर्ज काढा, हातातली रोकड मी गुंतवतो, आणि घरावर माझंही नाव घाला. निवृत्तीनंतर माझं सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) महिना २,१००, पोस्टाचं पेन्शन १,३००, सौ.चं सोशल सिक्युरिटी ९५०. खरं सांगायचं तर चारच वर्षं नोकरी केलेल्या माणसानं स्वतःला व्हेटरन म्हणवून घ्यावं का, इथूनच संकोच आहे.

ता. क. हस्ताक्षर नाही, टाइप केलंय, कारण फोनवर बोलायचं म्हटलं तर डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही. इंजिनरूमपासून कानात सतत शिट्टी वाजते. सवय झालीय.

— एक नौसैनिक, एडिसन

दादा, नमस्कार.

संकोचापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे माजी सैनिक म्हटलं की पेन्शन, कॅन्टीनचं कार्ड, गावच्या वेशीवर सत्कार असं सगळं डोळ्यांपुढे येतं. तुमच्या घरात तर ते तुम्ही पाहिलेलंच आहे. अमेरिकेत व्हेटरन म्हणजे वर्दीतून सन्मानानं बाहेर पडलेला कोणीही, वीस वर्षांनी असो की चार. ऑगस्ट १९९० नंतर भरती झालेल्यांना या कर्जासाठी सलग चोवीस महिने सेवा पुरते. तुमची त्याच्या दुप्पट आहे. १९९९ मध्ये तुम्ही याच हक्कावर घर घेतलंत, तेव्हा कुठे संकोचला होतात?

मित्राच्या तीन विधानांपैकी दोन सरळ चुकीची आहेत. हक्क एकदाच मिळत नाही. घर विकलं आणि कर्ज फिटलेलं असलं की तो परत पूर्ण मिळतो, कितीही वेळा. घर न विकता नुसतं कर्ज फेडलं असेल तर मात्र हक्क परत मिळवायची सवलत एकदाच असते. बहुधा हेच 'एकदाच' तुमच्या मित्राच्या कानावर अर्धवट गेलं असावं. तुम्ही एडिसनचं घर विकताय, म्हणजे तो प्रश्नच नाही. २६-१८८० नंबरचा अर्ज भरून पात्रतेचं प्रमाणपत्र नव्यानं मागवा, सोबत डीडी-२१४, म्हणजे नौदलातून सुटल्याचा दाखला. वयाचं म्हणाल तर कर्ज देताना वयावरून नकार देणं इथे १९७० च्या दशकापासून कायद्यानं बंद आहे. मी ऐंशीच्या घरातल्या बाईची तीस वर्षांची फाइल हातावेगळी केलीय.

तिसरं विधान अर्धं खरं आहे, आणि तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे.

मी बावीस वर्षं गृहकर्जाच्या फाइली तपासल्या. निवृत्तांच्या वसाहतीतल्या व्हीए फाइली अडायच्या त्या क्वचितच सैनिकापायी. अडायच्या घरापायी. व्हीए स्वतः कर्ज देत नाही. कर्ज बँक देते आणि त्यातल्या काही भागाची, साधारण पाव हिश्श्याची, हमी सरकार घेतं. १९४४ पासून हा कारभार असाच चालू आहे. हमी घ्यायची म्हटल्यावर सरकार दोघांना तपासतं, घेणाऱ्याला आणि घराला. वसाहतीला वयाची अट आहे एवढ्यावरून व्हीए नाही म्हणत नाही. पण 'रिटायरमेंट कम्युनिटी' ही पाटी चार अगदी वेगळ्या गोष्टींवर लावलेली असते, आणि विक्री कार्यालयातली हसरी मुलगी तुम्हांला आधी जलतरण तलाव दाखवते, कागद नंतर.

पहिली गोष्ट म्हणजे जमिनीसकट स्वतःच्या नावचं स्वतंत्र घर किंवा जोडघर. इथे व्हीएची वेगळी परवानगी लागत नाही, नेहमीचं मूल्यांकन झालं की पुरे. तुमच्या मनातलं झाडांचं घर बहुधा याच प्रकारातलं.

दुसरी, कॉन्डो, म्हणजे फ्लॅट तुमच्या मालकीचा आणि बाकी आवार सगळ्यांचं सामायिक. शांतिनिकेतन याच प्रकारात मोडतं. इथे तुमची फ्लॅट घेण्याची ऐपत पुरत नाही, अख्खा प्रकल्प व्हीएच्या मंजूर यादीत असावा लागतो. यादी व्हीएच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, प्रकल्पाचं नाव आणि गाव टाकायचं की झालं. एफएचएची (गृहकर्जाच्या दुसऱ्या सरकारी खात्याची) मंजुरी आहे असं कोणी सांगितलं तर ती वेगळी यादी आहे, हे लक्षात ठेवा. नाव नसेल तर बँकेला प्रकल्पाचे नियम, ठराव, अंदाजपत्रक असं सगळं बाड व्हीएकडे पाठवून मंजुरी मागता येते, पण त्यात महिने जाऊ शकतात, आणि घर विकणारा तेवढा थांबेलच असं नाही. घर विकताना घरमालकांच्या असोसिएशनची मर्जी लागेल अशा अटी नियमांत असल्या की व्हीए अडून बसतं.

तिसरी, को-ऑप. हे पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन समजावं, कारण आपल्या गृहनिर्माण सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट सगळ्यांनी पाहिलेलं असतं. फरक इतकाच की इथल्या को-ऑपमध्ये तुमच्या हातात मुख्यतः तेच असतं. मालकी संस्थेची, तुम्ही भागधारक. अशा घराला आज व्हीएची हमी मिळत नाही. आणि गंमत म्हणजे बाहेरून फरक दिसतच नाही. कॅलिफोर्नियातल्या लगूना वूड्समध्ये एकाच कुंपणाच्या आत को-ऑपही आहेत आणि कॉन्डोही, तीच हिरवळ, तेच बाक. माझ्याकडे एकदा एका निवृत्त वायुसैनिकाची फाइल आली होती. बयाणा देऊन झाला होता, सोफा मागवून झाला होता, आणि बाराव्या पानावर मला 'शेअर्स' हा शब्द दिसला. त्यांना फोन मी केला. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

चौथी, आयुष्यभराच्या देखभालीची वसाहत. मोठी प्रवेश रक्कम भरायची, मग दरमहा फी, आणि पुढेमागे तिथेच नर्सिंगची सोय. ही घरखरेदीच नव्हे, हा करार आहे. इथे व्हीएचं कर्ज चालत नाही.

म्हणून कुठल्याही घराला पसंती कळवण्याआधी एकच प्रश्न विचारा: माझ्या नावावर नेमकं काय होणार? डीड (जमीन-घराचं खरेदीखत), कॉन्डोचं युनिट, शेअर्स, की नुसता राहण्याचा हक्क? आणि उत्तर तोंडी घेऊ नका.

आता पैसे. मुलाचं म्हणणं तरुण माणसाचं आहे, त्यात वाईट हेतू नाही, पण त्यानं व्हीएची फी धरलेली दिसत नाही. हे कर्ज घेताना 'फंडिंग फी' लागते, आणि तुम्ही दुसऱ्यांदा घेताय. दुसऱ्या खेपेला काहीच न भरता पूर्ण कर्ज काढलं तर ती ३.३ टक्के, म्हणजे ३,२०,००० वर १०,५६० डॉलर. किमतीच्या निदान पाच टक्के भरले तर दीड टक्का. दहा टक्के भरले तर सव्वा टक्का, म्हणजे २,८८,००० वर ३,६००. हातात घर विकल्याची रोकड असताना एक पैसा न भरण्यासाठी जवळजवळ सात हजार जास्त मोजायचे, हे मला तरी कळत नाही.

पण आता तुमची ता. क. पुन्हा वाचा. कानात सतत वाजणारी शिट्टी, इंजिनरूमपासून. दादा, याला व्हीएच्या भाषेत टिनिटस म्हणतात. सेवेमुळे झालेला म्हणून मान्य झाला तर त्याचं अपंगत्व दहा टक्के धरतात. दरमहा पावणेदोनशे डॉलरच्या आसपास करमुक्त रक्कम मिळते. ती एकदा मिळू लागली की फंडिंग फी पूर्ण माफ, किती भरलं हा प्रश्नच उरत नाही. तीस वर्षं झाली म्हणून दावा बाद होत नाही, त्याला मुदत नाही. आज 'दावा करण्याचा इरादा' एवढाच अर्ज टाकून ठेवलात तरी तारीख वर्षभर राखली जाते. घराचे कागद आधी झाले आणि निकाल नंतर लागला, पण निकाल लागू होण्याची तारीख घराच्या आधीची असली, तर भरलेली फी परत मागता येते. अमेरिकन लीजन, डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटना किंवा तुमच्या काउंटीचं व्हेटरन्स कार्यालय यांपैकी कोणाकडेही हे काम फुकट होतं. पहिल्या दाव्यासाठी पैसे मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. आणि 'सवय झालीय' असं तिथल्या डॉक्टरला सांगू नका, जे होतं ते सांगा. आपल्या माणसांची ही एक खोड असते, दुखतंय का विचारलं की म्हणायचं, नाही हो, चालायचंच.

मुलाचं नाव घरावर घालू नका, निदान कर्ज घेताना. पत्नी सोबत असली तर हमीला धक्का लागत नाही. व्हेटरन नसलेला मुलगा सहकर्जदार झाला की सरकारची हमी फक्त तुमच्या हिश्श्यापुरती राहते आणि बँका वरचा भाग रोख मागतात. घर पुढे त्यालाच द्यायचं असेल तर ते मृत्युपत्रात लिहा. वहिनींचं नाव मात्र डीडवरही हवं आणि कर्जावरही. का, ते आता सांगते.

तुमचे आकडे मी कागदावर मांडले. पोस्टाच्या पेन्शनमध्ये तुमच्यामागे वहिनींना निम्मं मिळावं असा पर्याय घेतलात, आणि तो घ्याच, तर तुमचं १,३०० चं १,१७० होतं. दोघं मिळून ४,२२०. व्याज साडेसहा टक्के धरलं, दहा टक्के भरून बाकी कर्ज काढलं, फीही कर्जातच घातली, तर हप्ता १,८४३. घरपट्टी, विमा, असोसिएशनची वर्गणी मिळून महिना ९०० धरू. फ्लोरिडात विमा महाग आहे, यात घट व्हायची आशा नको. एकूण २,७४३. ही रक्कम मिळकतीच्या ६५ टक्के होते, आणि व्हीएचं मार्गदर्शक प्रमाण ४१ टक्के आहे. खर्च वजा जाता हातात काय उरतं हेही व्हीए पाहतं. दक्षिणेत दोघांच्या घराला किमान ७३८ डॉलर उरायला हवेत, ते तुमच्याकडे उरतात, सोशल सिक्युरिटीचा करमुक्त भाग थोडा वाढवून धरायचीही मुभा बँकेला असते. तरी ६५ वर बँक भुवई उंचावणारच.

पण बँक दोघांना जिवंत धरून हिशेब करते. मी तसा करत नाही. तुम्ही नसलात तर वहिनींना तुमचं २,१०० चालू होतं आणि त्यांचं ९५० बंद होतं, दोन्ही एकदम मिळत नाहीत. मूळ १,३०० च्या पेन्शनचे निम्मे ६५०. झाले २,७५०. त्यातून घराचे २,७४३ गेले. उरले सात डॉलर.

आता निम्मी किंमत भरून पाहा. कर्ज १,६०,०००, फी २,०००, हप्ता १,०२४. बाकी ९०० धरून १,९२४. वहिनी एकट्या राहिल्या तरी ८२६ उरतात, आणि एक लाख साठ हजार भरून उरलेली तुमची रोकड आजारपणासाठी हाताशी राहते. पूर्ण रोखीनं घ्या असं मी म्हणणार नाही, कारण रोजच्या देखभालीचा दीर्घ खर्च मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) देत नाही आणि भिंतीत अडकलेला पैसा रात्री दोन वाजता बाहेर काढता येत नाही. व्हीएच्या कर्जाला आधी फेडल्याचा दंड नाही. पुढे वाटलं तर फेडून टाका. तुमच्या पश्चात बँक हे कर्ज एकदम मागूही शकत नाही, १९८२ च्या कायद्यानं पती-पत्नीला ते संरक्षण आहे. हप्ता मात्र भरावा लागतो.

राहण्याची अट. हे घर तुमचं मुख्य घर हवं, आणि साधारण साठ दिवसांत राहायला जायला हवं. मार्चमध्ये निवृत्त होताय आणि आत्ताच घर सापडलं तर? निवृत्ती बारा महिन्यांच्या आत असेल तर व्हीए ही मुदत वाढवून देतं. त्यासाठी पोस्टात दिलेल्या निवृत्तीच्या अर्जाची प्रत लागते, आणि बँक मिळकत धरते ती निवृत्तीनंतरची. म्हणजे आजचा पगार दाखवून मोठं कर्ज मिळेल हा विचार सोडा. साताऱ्याच्या चार महिन्यांनी काही बिघडत नाही, पत्ता, मतदान, लायसन्स फ्लोरिडाचं असलं की झालं. फक्त घर इतके दिवस रिकामं राहणार हे विमा कंपनीला आधी सांगून ठेवा. (हिवाळ्यात फ्लोरिडा सोडून दुसरीकडे जाणारं जोडपं मी पहिल्यांदाच पाहतेय.)

फ्लोरिडाच्या मोठ्या वसाहतींत आणखी एक ओझं असतं, ते जाहिरातीत बारीक अक्षरात येतं. रस्ते, गटारं, तळी बांधायला तिथल्या विकास जिल्ह्यानं (वसाहतीपुरत्या खास स्थानिक संस्थेनं) रोखे, म्हणजे बाँड, काढलेले असतात, आणि प्रत्येक घराच्या वाट्याचं कर्ज दरवर्षी घरपट्टीच्या बिलातून वसूल होतं. एकाच गल्लीत शेजारच्यानं ते फेडलेलं असतं आणि तुमच्या घरावर वीस हजार बाकी असतात. विचारा: बाँड किती उरलाय? बँक तो हिशेबात धरतेच. कॉन्डो घेणार असाल तर गेल्या दोन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मागा. २०२१ मध्ये सर्फसाइडची इमारत कोसळून ९८ माणसं गेली, त्यानंतर फ्लोरिडात तीन मजली आणि त्याहून उंच जुन्या इमारतींना तपासणी आणि दुरुस्तीनिधी सक्तीचा झाला, आणि कित्येक निवृत्तांच्या दारात अचानक हजारोंची मागणी येऊन पडली. बैठ्या इमारतींना तो कायदा लागत नाही, पण छप्पर सगळ्यांनाच असतं.

नातवंडांचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. कायद्याप्रमाणे अशा वसाहतीत निदान ८० टक्के घरांत एक माणूस ५५ किंवा त्याहून जास्त वयाचं असलं की पुरतं, पण मुलांच्या मुक्कामाचे नियम प्रत्येक वसाहत आपले करते. वर्षाला तीस दिवस ही मर्यादा ठिकठिकाणी दिसते. जून-जुलैची अख्खी सुट्टी नात तुमच्याकडे असते की काय? मग नियमावलीचं ते पान वहिनींनी वाचावं.

राहिला तुमच्या दोघांतला वाद. त्यात मी पडू नये, पण पडते. तुम्हांला ऐकू कमी येतं. अनोळखी माणसांच्या घोळक्यात इंग्रजी बोलणं तुम्हांला दिवसेंदिवस जड जाणार आहे, आणि तुम्ही झाडांत रमाल. वहिनी कोणाशी बोलणार? टॅव्हारेसचा हट्ट केवळ आमटी-भाताचा नसावा. त्यामुळे आज संध्याकाळी व्हीएच्या यादीत आधी त्यांच्या पसंतीचं नाव शोधा. सापडलं तर तळमजल्याचं, बाहेर चार कुंड्यांपुरती जागा असलेलं युनिट आहे का ते विचारा. नाही सापडलं तर तिथून अर्ध्या तासाच्या आत स्वतंत्र घरांची वसाहत शोधा आणि भजनाला गाडीनं जा.

काहीही ठरवण्याआधी तिथे महिनाभर भाड्यानं राहा. विक्रीवाले तुम्हांला जानेवारीत बोलावतील, तेव्हा जाऊ नका. तुमचा हिवाळा साताऱ्यात जाणार, म्हणजे तुमच्या वाट्याला फ्लोरिडाचा ऑगस्टच येणार: घाम, डास, रोज दुपारी कडकडाट, आणि वादळ आलंच तर खिडक्यांना फळ्या. जायचं ते ऑगस्टात जा.